शिकण्याच्या तासांची मजुरी



आठवड्यातून वीस तास दुकानात राबणाऱ्या एखाद्या कामगाराला मालक बजावतो, ‘हे पाठ घरी बसून पुरे करा; त्यावाचून कामावर घेणार नाही.’ पाठ चार तासांचे असतात. हे चार तास कोणाचे, कामगाराचे की मालकाचे? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु कामाचा वेळ कोणता म्हणावा, हा जुना वादच त्यामागे उभा आहे. त्या वादाची अमेरिकेतील हकीगत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

25 जून 1938 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी न्याय्य श्रममानकांच्या कायद्यावर सही केली. तासाला किमान 25 सेंट मजुरी आणि आठवड्याला प्रथम 44 व पुढे 40 तासांची मर्यादा त्याने घालून दिली. त्यापलीकडील कामाला दीडपट दर ठरविला. पण ‘काम’ म्हणजे काय, हे कायद्याने सांगितले नव्हते. ती उणीव न्यायालयांना भरून काढावी लागली.

1946 साली मिशिगन राज्यातील माउंट क्लेमेन्स येथील मातीच्या भांड्यांच्या कारखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कारखान्याच्या आवारात कामाच्या जागेपर्यंत चालत जाण्याचा वेळही मजुरीस पात्र आहे, असे न्यायालयाने ठरविले. शिवाय, तासांची नोंद ठेवणे हे मालकाचे कर्तव्य असल्याने, त्याने ती ठेवली नसेल तर कामगाराचा वाजवी अंदाजही पुरावा म्हणून चालेल, असे सांगितले. मग दाव्यांचा पूर लोटला. मे 1947 मध्ये काँग्रेसने नवा कायदा करून ये-जा करण्याचा व तत्सम वेळ वगळला. नोंदीविषयीचे तत्त्व मात्र टिकून राहिले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पोर्टलंड येथील रेल्वे-उमेदवारांचा निकाल लागला. नोकरी मिळण्यापूर्वी सात-आठ दिवस काम शिकणारे हे उमेदवार कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हेत, असे न्यायालय म्हणाले. आपल्याकडील 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानेही उमेदवाराला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले. मात्र त्याला विद्यावेतन देवविले.

पण नोकरीस लागलेल्यालाच शिकण्याचा हुकूम झाला तर? त्याचे उत्तर अमेरिकी श्रमखात्याच्या 1961 च्या नियमांत सापडते. प्रशिक्षणाचा वेळ मजुरीतून वगळावयाचा तर चार अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: ते कामाच्या वेळेबाहेर असावे, खरोखर ऐच्छिक असावे, त्याचा कामाशी थेट संबंध नसावा आणि त्या वेळात दुसरे उत्पादक काम होऊ नये. सक्तीचे प्रशिक्षण दुसऱ्याच अटीत अडते. ‘घरीच तर केले’ ही सबबही चालत नाही; कारण मालकाच्या माहितीत घरी केलेले काम हेही कामच, असे तेच नियम सांगतात.

तरीही अर्धवेळ कामगाराची गोष्ट येथे संपत नाही. समजा, त्याला तासाला बारा डॉलर मिळतात. वीस तासांचे 240 डॉलर झाले. बिनमजुरीचे चार तास त्यांत मिळविले, तर चोवीस तासांची सरासरी दहा डॉलर पडते. 2009 पासूनचा संघराज्याचा किमान दर सव्वासात डॉलर. 1960 च्या एका अपील-निकालापासून अनेक संघीय न्यायालये आठवड्याची सरासरीच पाहत आली आहेत; म्हणून किमान मजुरीचा भंग झालेला दिसत नाही. चाळीस तास भरलेले नसल्याने दीडपट दरही लागू होत नाही. पूर्णवेळ कामगाराचे हेच चार तास दीडपट दराने मोजले जातील. अर्धवेळ कामगाराचे मात्र दोन नियमांच्या मधल्या फटीतून निसटतात. त्याला मग राज्याच्या कायद्याचा वा कराराचा आधार शोधावा लागतो. कॅलिफोर्नियात प्रत्येक तासाची मजुरी स्वतंत्र मोजतात, म्हणून तेथे ही फट उरत नाही.

युरोपने अधिक सरळ वाट धरली. रुमानियातील एका नोकरदाराला 160 तासांचे प्रशिक्षण घेण्यास सांगण्यात आले. त्यांतील 124 तास नेहमीच्या वेळेबाहेरचे होते. मालकाच्या आज्ञेने घेतलेले प्रशिक्षण हा कामाचाच वेळ होय, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 रोजी दिला.

आता पाठ संगणकावर होतात. कोण केव्हा बसला आणि केव्हा उठला, याची नोंद बहुधा यंत्रच ठेवते. 1946 साली कामगाराला अंदाजाचा आधार घ्यावा लागत होता. आज तास मोजलेलेच असतात. राहतो प्रश्न तो मोजलेल्या तासांचे पैसे देण्याचा.