तोकाय

तोकाय हा हंगेरीच्या ईशान्य भागातील, झेंप्लेन डोंगररांगेच्या पायथ्याशी पसरलेला वाइननिर्मितीचा प्रदेश आहे. बोद्रोग व तिसा या नद्यांच्या संगमावरील तोकाय गावावरून त्यास हे नाव मिळाले. हंगेरीतील २७ गावांचा त्यात समावेश होतो. १९२० च्या त्रियानों तहानंतर प्रदेशाचा एक लहान भाग तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात गेला. तो आज स्लोव्हाकियात आहे. २००२ मध्ये युनेस्कोने तोकायचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

असू वाइन

येथील जमीन ज्वालामुखीजन्य असून टेकड्यांच्या दक्षिणेकडील उतारांवर द्राक्षमळे आहेत. शरद ऋतूत नद्यांवरून सकाळी धुके चढते आणि दुपारी ऊन पडते. अशा हवेत पिकलेल्या द्राक्षांवर बॉट्रायटिस सिनेरिया ही बुरशी वाढते. एरवी बुरशी दिसताच बागायतदार फवारणीच्या तयारीस लागतो. येथे तिची वाट पाहिली जाते. बुरशीमुळे सालीला सूक्ष्म छिद्रे पडतात, मण्यातील पाणी उडून जाते आणि बेदाण्यासारख्या सुरकुतलेल्या मण्यात साखर, आम्लता व सुगंध एकवटतात. या मण्यांना ‘असू’ म्हणतात. घडातील सर्व मणी एकाच वेळी या अवस्थेस येत नसल्याने ते हातांनी एकेक करून वेचावे लागतात. पाऊस लांबला तर ते केवळ सडतात, आणि कोरडी हवा राहिली तर बुरशीच धरत नाही; त्यामुळे काही वर्षी असू वाइन जवळजवळ तयारच होत नाही.

वेचलेले मणी ताज्या रसात किंवा वाइनमध्ये भिजवून पिळतात. किण्वनानंतर ही वाइन किमान १८ महिने ओकच्या पिंपात मुरवणे बंधनकारक आहे. पिंपामागे किती ‘पुत्तोन्य’, म्हणजे पाठीवरून वाहण्याच्या टोपल्या, असू मणी घातले यावरून तिचा गोडवा मोजण्याची जुनी रीत होती. नुसत्या मण्यांच्या भाराने ठिबकणाऱ्या रसापासून ‘एसेन्सिया’ बनते. तिच्यात साखर इतकी असते की किण्वन अत्यंत संथ चालते व मद्यार्काचे प्रमाण अल्पच राहते. फुर्मिंत व हार्शलेवेल्यू या येथील प्रमुख जाती होत. फुर्मिंतपासून अलीकडे कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइनही मोठ्या प्रमाणावर होते.

इतिहास

सतराव्या शतकात तुर्कांच्या भीतीने द्राक्षतोडणी लांबली आणि त्यातून एका धर्मोपदेशकाने असू वाइन शोधली, अशी आख्यायिका आहे. तथापि असूचे उल्लेख सोळाव्या शतकातील लेखांतच आढळत असल्याने ती इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. १७३७ मध्ये राजाज्ञेने प्रदेशाच्या सीमा निश्चित झाल्या. उत्पादनक्षेत्र कायद्याने आखून देण्याच्या जगातील अगदी आरंभीच्या उदाहरणांत तिची गणना होते. फेरेंत्स केल्चेई यांनी १८२३ मध्ये लिहिलेल्या आणि पुढे हंगेरीचे राष्ट्रगीत ठरलेल्या कवितेतही तोकायच्या वेलींचा उल्लेख आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने बहुतेक मळे नष्ट केले. नंतर अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून लागवड पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादी राजवटीत मळ्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. गुणवत्तेपेक्षा उत्पादनाच्या आकड्यांना महत्त्व आले आणि कसण्यास कठीण असे अनेक उत्तम उतार ओसाड पडले. १९९० नंतर देशी-परदेशी भांडवलातून त्यांचे पुनरुज्जीवन सुरू झाले.

नावाचा वाद

तोकायची कीर्ती पसरली तसे इतर देशांतील उत्पादकही तिच्या नावाशी साधर्म्य असलेली नावे वापरू लागले. इटलीच्या फ्रिउली भागातील ‘तोकाई फ्रिउलानो’ आणि फ्रान्सच्या अल्सासमधील ‘तोके पिनो ग्री’ यांचा मूळ तोकायशी द्राक्षाच्या जातीनेही संबंध नव्हता. युरोपीय संघ व हंगेरी यांच्यातील करारानुसार २००७ पासून ही दोन्ही नावे बंद झाली. इटालियन उत्पादकांनी न्यायालयात दाद मागूनही त्यांना यश आले नाही. आता त्या वाइन अनुक्रमे ‘फ्रिउलानो’ व ‘पिनो ग्री’ या नावांनी विकल्या जातात. स्लोव्हाकियाला मात्र आपल्या हद्दीतील मळ्यांच्या वाइनसाठी तोकाय हे नाव वापरता येते.