अमिनो आम्लांचा चयापचय आणि 'जन्मजात दोष' या संकल्पनेचा इतिहास : फेनिलकीटोनुरियाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मानवी शरीरातील प्रथिने प्रामुख्याने २० अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांपैकी ९ आम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती आहारातूनच मिळवावी लागतात. फेनिलॲलनिन हे अशा आवश्यक आम्लांपैकी एक होय. प्रथिननिर्मितीसाठी लागणारा भाग वजा जाता उरलेल्या फेनिलॲलनिनचे यकृतातील एका विकराच्या साहाय्याने टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर होते. हे विकर जन्मतःच अकार्यक्षम असल्यास फेनिलॲलनिन रक्तात साठत जाते आणि वाढत्या मेंदूस कायमची हानी पोहोचवते. या विकारास फेनिलकीटोनुरिया असे म्हणतात. युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत सुमारे १०,००० जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. रुग्णसंख्येच्या दृष्टीने दुर्मीळ असलेल्या या विकाराचे वैद्यकाच्या इतिहासातील स्थान मात्र मोठे आहे. जे आनुवंशिक ते अटळ, या समजुतीला पहिला प्रभावी छेद याच विकाराच्या अभ्यासाने दिला. प्रस्तुत लेखात या परिवर्तनाचा मागोवा घेतला आहे.

गॅरॉड यांची मांडणी

या इतिहासाचा प्रारंभ लंडनमध्ये होतो. आर्चिबाल्ड गॅरॉड हे चिकित्सक अल्काप्टोनुरिया या विकाराचा अभ्यास करीत होते. या विकारात रुग्णाचे मूत्र हवेच्या संपर्काने काळे पडते. याचे कारण होमोजेन्टिसिक आम्ल असून ते टायरोसिनच्या विघटनातील एक मधला टप्पा आहे. हा विकार एकाच कुटुंबातील भावंडांत आढळतो आणि त्यांचे आईवडील अनेकदा परस्परांचे सख्खे चुलत, मामे किंवा आते भावंड असतात, हे गॅरॉड यांच्या लक्षात आले. विल्यम बेटसन यांच्याशी झालेल्या विचारविनिमयातून त्यांनी १९०२ मध्ये या निरीक्षणाची सांगड नुकत्याच पुन्हा प्रकाशात आलेल्या मेंडेलच्या नियमांशी घातली. १९०८ च्या व्याख्यानमालेत त्यांनी 'चयापचयाचे जन्मजात दोष' ही संकल्पना मांडली. अशा व्यक्तीत चयापचयाच्या साखळीतील एक दुवा जन्मतः तुटलेला असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. समकालीन वैद्यकाने त्याची फारशी दखल घेतली नाही. अल्काप्टोनुरियातील विकराचा अभाव प्रयोगाने सिद्ध होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

ऑस्लो, १९३४

नॉर्वेतील एका मातेची दोन्ही मुले बौद्धिकदृष्ट्या मागे पडलेली होती. त्यांच्या मूत्राला विशिष्ट कुबट वास येतो, याकडे ती डॉक्टरांचे लक्ष सतत वेधत राहिली. अनेक ठिकाणी निराशा पदरी पडल्यावर ती ऑस्लो येथील आस्बयोर्न फोलिंग यांच्याकडे आली. फोलिंग वैद्यकाबरोबरच रसायनशास्त्रातही प्रशिक्षित होते. मूत्रात फेरिक क्लोराइड टाकताच गडद हिरवा रंग उमटला. नेहमीच्या तपासणीत असा रंग दिसत नसे. एखाद्या औषधाचा हा परिणाम असावा, या शंकेने त्यांनी मुलांची औषधे थांबवून चाचणी पुन्हा केली. हिरवा रंग कायम राहिला. पुढे त्यांनी तो पदार्थ वेगळा करून तो फेनिलपायरुविक आम्ल असल्याचे दाखविले. त्यानंतर संस्थांमधील ४३० रुग्णांच्या तपासणीत त्यांना असे आणखी ८ रुग्ण सापडले. बौद्धिक अक्षमतेच्या एका प्रकारामागे निश्चित रासायनिक कारण असल्याचे यातून स्पष्ट झाले.

सुजननशास्त्राचे आव्हान

या शोधाचा काळ विसरता येत नाही. १९३४ याच वर्षी नॉर्वेत निर्बीजीकरणाचा कायदा संमत झाला. जर्मनीतील तशाच, परंतु अधिक कठोर कायद्याची अंमलबजावणीही त्याच वर्षी सुरू झाली. ज्यांना 'मतिमंद' म्हटले जाई त्यांच्या वंशवृद्धीवर बंदी घालणे हा समाजसुधारणेचा मार्ग मानला जात होता. ब्रिटनमधील लायोनेल पेनरोज यांनी १९४५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सुजननशास्त्राचे गॅल्टन अध्यासन स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानासाठी फेनिलकीटोनुरियाचेच उदाहरण निवडले. हा विकार अप्रभावी जनुकामुळे होतो, त्यामुळे रुग्ण थोडे असले तरी सदोष जनुकाचे निरोगी वाहक त्यांच्याहून कितीतरी अधिक असतात. हे जनुक समाजातून नाहीसे करावयाचे तर सर्वसाधारण लोकसंख्येतील सुमारे एक टक्का निरोगी लोकांचे निर्बीजीकरण करावे लागेल, हे दाखवून त्यांनी सुजननवादी युक्तिवादातील फोलपणा त्याच अध्यासनावरून उघड केला.

आहार हाच उपचार

१९४७ ते १९५३ या काळात जॉर्ज जर्व्हिस यांनी फेनिलॲलनिनचे टायरोसिनमध्ये रूपांतर होत नाही आणि त्यासाठीच्या यकृतातील विकराचे कार्य रुग्णांत आढळत नाही, हे सिद्ध केले. याच सुमारास इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात एक माता आपल्या मुलीसाठी उपचाराची मागणी चिकाटीने करीत होती. मुलीला उभेही राहता येत नव्हते. ती डोके आपटत असे. लंडनमधील लुई वुल्फ यांनी सुचविलेल्या कल्पनेच्या आधारे हॉर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातील केसीन या प्रथिनाचे विघटन करून कोळशाच्या साहाय्याने त्यातील फेनिलॲलनिन काढून टाकले. १९५३ मध्ये त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. या आहाराने मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली. आहारात फेनिलॲलनिन पुन्हा मिसळताच तिची प्रकृती ढासळली. तथापि मेंदूची पूर्वी झालेली हानी भरून निघाली नाही. उपचार जन्मानंतर लगेच सुरू व्हावयास हवा, हा धडा त्यातून मिळाला.

रक्ताचा एक थेंब

लक्षणे दिसण्यापूर्वी निदान कसे करावे, हा प्रश्न अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी सोडविला. त्यांचा मुलगा बौद्धिकदृष्ट्या अक्षम होता, तर भाचीला फेनिलकीटोनुरिया होता. नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताचा थेंब गाळण कागदावर घेऊन जिवाणूंच्या वाढीवरून फेनिलॲलनिनचे प्रमाण ओळखण्याची स्वस्त व सोपी पद्धत त्यांनी विकसित केली. १९६३ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने ही तपासणी कायद्याने आवश्यक केली. नवजात तपासणीचे जागतिक पर्व येथून सुरू झाले. १९९० च्या दशकात आलेल्या नव्या वर्णपटमापन तंत्रामुळे त्याच एका थेंबातून अनेक विकार ओळखता येऊ लागले.

भारतीय संदर्भ

भारतात १९८० च्या दशकात कर्नाटकात अमिनो आम्लविषयक विकारांसाठी नवजात बालकांची मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली. गोव्याने २००८ मध्ये राज्यस्तरीय कार्यक्रम सुरू केला. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात विशेष आहाराने आटोक्यात ठेवता येणाऱ्या विकारांत फेनिलकीटोनुरियाचा समावेश आहे. मात्र सर्व नवजात बालकांसाठी सक्तीची देशव्यापी तपासणी अद्याप झालेली नाही. महाराष्ट्रातील काही समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा असून इरावती कर्वे यांनी आपल्या आप्तसंबंधविषयक अभ्यासात तिची नोंद घेतली आहे. गॅरॉड यांचे १९०२ मधील निरीक्षण ध्यानात घेता या प्रश्नाचे येथील सामाजिक परिमाणही लक्षात येते.

समारोप

जनुकातील दोष तसाच असताना केवळ आहार बदलून बालकाचे आयुष्य बदलू शकते, हे या इतिहासाने सिद्ध केले. ज्या बालकांच्या वंशाचा अंत करण्यासाठी १९३४ मध्ये कायदे झाले, तशीच बालके आज वेळीच निदान झाल्यास शिक्षण घेतात आणि स्वतंत्र आयुष्य जगतात. या परिवर्तनात गॅरॉड, फोलिंग, बिकेल आणि गथ्री यांच्या बुद्धिमत्तेइतकाच 'काही करता येणार नाही' हे उत्तर न स्वीकारणाऱ्या मातांचाही वाटा आहे. ज्ञान उपलब्ध असूनही ज्या बालकाच्या टाचेतील तो एक थेंब तपासला जात नाही, त्याच्यापुरता हा इतिहास अद्याप १९३४ पूर्वीच थांबलेला आहे.