ऑइलमधील काजळी इंजिनाच्या मुळावर

मंचर - पुणे-नाशिक महामार्गावरील मंचरच्या बाजारपेठेत भाजीपाला, कांदा, बटाटा घेऊन येणाऱ्या पिकअप, टेंपो आणि ट्रॅक्टरांची सतत वर्दळ असते. यातील बहुतेक वाहने डिझेलवर चालतात. अनेक कुटुंबांसाठी कर्ज काढून घेतलेले असे वाहन हेच उत्पन्नाचे मुख्य साधन असते. ऐन हंगामात इंजिनाचे काम निघाले, की दुरुस्तीचा खर्च होतोच, शिवाय भाडेही बुडते आणि हप्ता थकतो. इंजिन वेळेआधी झिजण्याची धूळ, पाणी, अतिउष्णता ही कारणे सर्वांना ठाऊक असतात. ऑइलमध्ये साठणारी काजळी मात्र दुर्लक्षित राहते. डिझेल इंजिनाचे ऑइल काळेच असते, असे सर्वजण धरून चालतात. हा समज खरा असला, तरी अर्धाच खरा आहे.

काजळी येते कोठून?

कंदिलाची वात जास्त वर केली, की काच काजळते. ज्योतीला पुरेशी हवा मिळत नाही आणि न जळालेला कार्बन थंड काचेवर जाऊन बसतो. दिव्यावर थंड वाटी धरून काजळ धरण्याची घरगुती रीत याच तत्त्वावर चालते. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्येही हेच घडते. तप्त हवेत डिझेलचा फवारा सोडला जातो. फवाऱ्याच्या मध्यभागी इंधन जास्त आणि हवा कमी असते. तेथे कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. त्यातील बहुतांश पुढे जळून जातात, काही धुराड्यातून बाहेर पडतात आणि उरलेले सिलिंडरच्या लायनरवरील ऑइलच्या पातळ थराला चिकटतात. पिस्टनच्या रिंगा तो थर खरवडून खाली चेंबरमध्ये आणतात. रिंगांच्या फटीतून खाली उतरणाऱ्या वायूबरोबरही थोडी काजळी जाते. गॅरेजच्या भाषेत यालाच 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात.

काजळीचा मूळ कण साधारण २० ते ४० नॅनोमीटर व्यासाचा असतो. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या हजार पटींहून अधिक भरते. ऑइल फिल्टर प्रामुख्याने काही मायक्रॉन आणि त्याहून मोठे कण अडवतो. सुटी काजळी त्यातून सहज पार होते. त्यामुळे 'फिल्टर नवा आहे, मग चिंता कशाला' हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही.

काळा रंग म्हणजे बिघाड नव्हे

नवे ऑइल टाकल्यानंतर काही शे किलोमीटरमध्येच ते काळे दिसू लागते. एक टक्क्याहूनही कमी काजळी त्यासाठी पुरेशी असते. ऑइलमध्ये 'डिस्पर्संट' नावाची द्रव्ये मिसळलेली असतात. ती प्रत्येक कणाभोवती कवच करून कणांना एकमेकांपासून वेगळे ठेवतात. काजळी ऑइलमध्ये तरंगत राहिली, तर ती भागांवर साचत नाही आणि ऑइल बदलताना बाहेर निघून जाते. याचा अर्थ, काळे पडलेले ऑइल बऱ्याचदा आपले काम चोख करीत असते.

धोका पुढे सुरू होतो. काजळी वाढत गेली, की डिस्पर्संट अपुरे पडतात. मग कण एकत्र येऊन त्यांच्या साखळ्या आणि गुठळ्या बनतात. ऑइल घट्ट होते. अनेक इंजिनांसाठी वजनाच्या सुमारे तीन टक्के काजळी ही सावधगिरीची पातळी मानली जाते. इंजिन आणि ऑइलच्या दर्जानुसार ती बदलते. पाच किलो ऑइलमध्ये तीन टक्के म्हणजे तब्बल दीडशे ग्रॅम काजळी. दोन टक्के आणि पाच टक्के काजळीचे ऑइल दिसायला सारखेच काळे असते. रंगावरून ऑइलची अवस्था ठरवणे म्हणूनच फसवे ठरते.

धातू झिजतो कसा?

काजळीमुळे होणाऱ्या झिजेची कारणे शोधण्यासाठी जगभर संशोधन झाले आहे. ब्रिटनमधील शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये या संशोधनाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. या विषयात साधारणपणे तीन कारणे मांडली जातात.

पहिले कारण उपासमारीचे. काजळीच्या गुठळ्या दोन भागांमधील चिंचोळ्या जागेच्या तोंडाशी अडकतात आणि ऑइल आत पोचू देत नाहीत. घट्ट झालेले ऑइल थंडीत सुरवातीचे काही क्षण वरच्या भागांपर्यंत उशिरा चढते. त्या वेळी धातू धातूवर घासतो.

दुसरे कारण रासायनिक. ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी 'झेडडीडीपी' हे जस्त, गंधक आणि फॉस्फरसयुक्त द्रव्य असते. १९४० च्या दशकापासून त्याचा वापर होत आहे. घर्षणाच्या जागी ते पोलादाशी संयोग पावून सुमारे दहाव्या हिश्श्याच्या मायक्रॉनचा संरक्षक थर बनवते. काजळीचा पृष्ठभाग हे द्रव्य आणि त्यापासून बनणारे पदार्थ स्वतःकडे ओढून घेऊ शकतो. मग धातूच्या वाट्याला संरक्षण कमी येते.

तिसरे कारण खरवडण्याचे. कॅम आणि टॅपेट यांच्यामध्ये ऑइलचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. काजळीच्या गुठळ्या त्यात शिरल्या, की संरक्षक थर घासून निघतो.

चिंच आणि राखेचे उदाहरण

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २०१० नंतरच्या दशकात झालेल्या प्रयोगांतून यापुढची गोष्ट स्पष्ट झाली. काजळीऐवजी कार्बनची भुकटी मिसळलेल्या ऑइलमध्ये पोलाद पोलादावर घासून पाहण्यात आले. 'झेडडीडीपी' आणि कार्बन दोन्ही एकत्र असताना झीज लक्षणीय वाढल्याचे त्यात दिसले. झीज रोखणारे द्रव्यच झिजेत सामील झाले होते.

पितळेचे भांडे चिंच आणि राखेने घासताना चिंच पृष्ठभागावरील थर सैल करते आणि राख तो काढून टाकते. राख पितळेपेक्षा कठीण असण्याची गरज नसते. इंजिनातही तसेच होते. 'झेडडीडीपी' पोलादातील लोहाशी संयोग पावून थर बनवू लागते. तो जाड आणि पक्का होण्यापूर्वीच काजळी तो खरवडते. उघड्या पडलेल्या धातूवर पुन्हा थर बनतो, पुन्हा निघतो. प्रत्येक थरासोबत थोडे लोहही जाते. या प्रयोगांत केवळ अधिक कठीण पोलाद वापरून ही झीज टळत नसल्याचेही आढळले. भाग बदलून प्रश्न सुटत नाही. काजळी आटोक्यात ठेवावी लागते, हाच त्याचा व्यवहारातील अर्थ.

आधी कोणते भाग जातात?

कॅमशाफ्ट, टॅपेट, रॉकर, टायमिंग चेन, पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांना काजळीचा सर्वाधिक फटका बसतो. टॅपेटचा आवाज वाढणे, इंजिन सुरू केल्यावर ऑइलच्या दाबाचा दिवा उशिरा विझणे, ऑइल कमी होणे, ताकद घटणे ही नंतरची लक्षणे होत. रिंगा झिजल्या, की खाली येणारा वायू वाढतो, त्याबरोबर काजळीही वाढते आणि झीज आणखी वेग घेते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले, की केवळ ऑइल बदलून थांबत नाही.

मानके बदलली, सवयी नाहीत

पुणे जिल्हा आणि डिझेल इंजिन यांचे नाते जुने आहे. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना १९४६ ची. विहिरीवरच्या इंजिनांपासून ट्रॅक्टरपर्यंत अनेक पिढ्यांनी देखभालीचे ठोकताळे अनुभवातून शिकले. नंतरची इंजिने मात्र वेगळी आहेत. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी धुराचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडण्याची 'ईजीआर' पद्धत आली. तिच्यामुळे ज्वलनाचे तापमान घटते. पण काजळी वाढण्याची प्रवृत्ती असते. म्हणूनच अमेरिकेत २००२ मध्ये 'सीआय-४', २००६ मध्ये 'सीजे-४' आणि २०१६ मध्ये 'सीके-४' असे ऑइलचे नवे दर्जे आले.

भारतात 'भारत स्टेज-४' मानके १ एप्रिल २०१७ पासून देशभर आणि 'भारत स्टेज-६' मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. स्टेज-६ च्या बहुतेक डिझेल वाहनांत धुराड्यातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो ऑइलमधील काजळी काढत नाही. उलट, तो जाळून स्वच्छ करण्यासाठी काही इंजिनांत जादा डिझेल सोडले जाते आणि त्यातील थोडे ऑइलमध्ये उतरून ते पातळ होऊ शकते. अशा वाहनांत ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर ती शुभवार्ता समजू नये. या वाहनांना कमी राखेचे, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल लागते.

किलोमीटर नव्हे, तास मोजा

जुन्नर, आंबेगावमधील वापराची पद्धतही काजळी वाढवणारी आहे. माल भरेपर्यंत इंजिन सुरूच राहते. भीमाशंकर आणि विघ्नहर या साखर कारखान्यांच्या परिसरात गाळप हंगामात ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवर मोठा भार असतो. आळेफाट्याहून माळशेज घाटमार्गे कल्याण, मुंबईकडे जाणाऱ्या पिकअपना भरल्या मालानिशी घाट पार करावा लागतो. उभ्याने चालणारे इंजिन पुरेसे तापत नाही, तर जादा भाराखाली इंधन जास्त आणि हवा अपुरी पडते. दोन्ही वेळा काजळी वाढते. रोज दोन तास इंजिन उभ्याने चालले, तर महिन्याला साठ तास होतात. मीटरवर मात्र एकही किलोमीटर चढत नाही.

हे लक्षात ठेवावे

- ऑइल आणि फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेतील मुदतीत एकत्रच बदलावेत. जड वापरासाठी पुस्तिकेत दिलेली कमी मुदत पाळावी.
- वरून ऑइल भरल्याने काजळी निघत नाही, केवळ विरळ होते.
- इंजिन गरम असताना ऑइल काढावे. काजळी तरंगत असल्याने ती सोबत निघते.
- धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर वारंवार पाहावा. काळा धूर दिसल्यास नोझल तपासून घ्यावेत. जादा ताकदीसाठी पंपातून डिझेलची मात्रा वाढवून घेणे टाळावे.
- टीपकागदावर ऑइलचा थेंब टाकून काही तास ठेवावा. डाग करड्या रंगात एकसारखा पसरला, तर ऑइल काजळी पेलत आहे. मधोमध ठळक कडेचा घट्ट काळा ठिपका राहिला, तर ऑइल थकले आहे. ही चाचणी ढोबळ आहे. नेमके प्रमाण आणि लोहाचा अंश प्रयोगशाळेतच कळतो.
- काढलेले ऑइल ओढ्यात, जमिनीवर किंवा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते आणि परवानाधारकाकडेच द्यावे लागते.

ऑइल बदलण्याचा खर्च इंजिन उतरवून करावयाच्या कामाच्या तुलनेत किरकोळ असतो. झिजलेला धातू मात्र पुन्हा भरून येत नाही. बाजारात माल उतरवून परतताना ऑइलची मुदत किती तास उरली आहे, याची नोंद वाहनात ठेवली, तर पुढचा हंगाम गॅरेजमध्ये घालवण्याची वेळ येणार नाही.