रस्त्यावरचा पाद्री आणि त्याची पुस्तकं

डिसेंबर 1849मधला एक रविवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोर्ट्समथ चौकाभोवतीचे जुगाराचे अड्डे माणसांनी गजबजले होते. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी जगभर पोहोचली होती आणि जहाजं भरभरून माणसं येऊन धडकत होती. त्या कोलाहलात विल्यम टेलर हे 28 वर्षांचे मेथडिस्ट पाद्री उभे राहिले आणि खड्या आवाजात धर्मगीत गाऊ लागले. बघता बघता लोकांचं कोंडाळं जमलं. गाणं संपलं, प्रवचन सुरू झालं.

रस्त्यावरचा हा परिपाठ पुढे जवळजवळ सात वर्षं चालला. दारूचं पिंप हाताशी असलं, तर तेच व्यासपीठ व्हायचं.

टेलर मूळचे व्हर्जिनियाचे. बाल्टिमोरहून केप हॉर्नला वळसा घालून ते सहकुटुंब आले. वाटेत समुद्रावरच मुलगी झाली, तिचं नाव ओशियाना ठेवलं. सॅन फ्रान्सिस्कोत घरभाडं आणि इमारती लाकूड दोन्ही आवाक्याबाहेर. तेव्हा त्यांनी खाडीपलीकडच्या रेडवूडच्या जंगलात जाऊन स्वतः लाकूड तोडलं आणि घर उभारलं.

त्यांच्या हातात लेखणी आली ती मात्र कर्जापायी. खलाशांसाठी चालवलेल्या प्रार्थनागृहाचं देणं अंगावर आलं, म्हणून 1856 साली ते पूर्वेकडे परतले आणि पुस्तकं लिहून, विकून पैसे उभे करू लागले. ‘सेव्हन इयर्स स्ट्रीट प्रीचिंग इन सॅन फ्रान्सिस्को’ आणि पाठोपाठ 1858चं ‘कॅलिफोर्निया लाइफ इलस्ट्रेटेड’ ही त्या काळातली पुस्तकं. उपदेश त्यांत भरपूर आहे. पण खरं मोल आहे ते आजारी माणसांच्या चित्रणाला. टेलर इस्पितळात खाटेखाटेपाशी जात, गात, प्रार्थना करत. सोन्याच्या आशेनं आलेला आणि घरापासून हजारो मैलांवर मरणाला टेकलेला तरुण तिथे आपल्याला भेटतो. खाणीत कोणी किती कमावलं हे सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. हरलेल्यांच्या उशाशी बसून लिहिणारे थोडेच.

पुढे पुस्तकविक्री हाच त्यांच्या जगभरच्या फिरतीचा मोठा आधार ठरला. 1866 साली ते दक्षिण आफ्रिकेत होते. तिथे त्यांची प्रवचनं खोसा भाषेत पोहोचवली चार्ल्स पाम्ला यांनी. टेलर आधी सगळं प्रवचन एकट्या पाम्लांना समजावून सांगत, मग सभेत दोघं वाक्यामागून वाक्य बोलत. ‘ख्रिश्चन ॲडव्हेंचर्स इन साउथ आफ्रिका’ या 1867च्या पुस्तकात टेलर यांनी पाम्लांच्या कामाची मोकळेपणानं दखल घेतली आहे, हे महत्त्वाचं.

1870 साली टेलर भारतात आले आणि पुढच्या वर्षअखेरीस त्यांनी मुंबईत मुक्काम ठोकला. मिशनच्या परदेशी पैशावर न चालणारी, स्थानिक सभासदांनीच पोसलेली ख्रिस्ती मंडळी उभी करायची, हा त्यांचा आग्रह. घराघरांत छोट्या बैठका भरू लागल्या. मुंबईत 1848 पासून राहणारे, मिशनचा पगार नाकारून अत्यंत साधेपणानं जगणारे आणि ‘बॉम्बे गार्डियन’ हे नियतकालिक चालवणारे जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च याच बोवेन यांच्या नावाचं. ही सारी हकिकत ‘फोर इयर्स कॅम्पेन इन इंडिया’ या 1875च्या पुस्तकात आहे.

टेलर यांची नजर अर्थातच धर्मप्रसारकाची होती. आपला धर्म सोडून दुसऱ्या श्रद्धांकडे ते समजुतीनं पाहत नाहीत. आफ्रिकेवरचं आणि भारतावरचं त्यांचं लेखन वाचताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. पण डोळ्यांसमोरचा माणूस टिपण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. 1884 साली ते आफ्रिकेसाठी बिशप झाले, 1895 साली आत्मचरित्र छापलं आणि 1902 साली कॅलिफोर्नियातच वारले. त्यांचं एकच पुस्तक वाचायचं झालं, तर वाचकांनी ‘कॅलिफोर्निया लाइफ इलस्ट्रेटेड’ निवडावं आणि त्यातली इस्पितळाची पानं आधी वाचावीत.