तीन नंबरचा बावटा

2023 सालची गोष्ट. दुपारी जेवणं आटोपून जरा पाठ टेकली होती, तोच उशाशी ठेवलेला मोबाइल असा काही कर्कश वाजला की मी दचकून उठूनच बसले. संकटाचा इशारा एकाच वेळी सगळ्या फोनवर पोहोचतो का, याची ती सरकारी चाचणी होती. संदेश नमुन्याचा आहे, काही करायची गरज नाही, असं त्यात म्हटलं होतं. नात शेजारीच होती. म्हणाली, "आजी, आणि खरा असता तर? मग काय करायचं?"

मला एकदम लहानपणीचं रत्नागिरीचं बंदर आठवलं.

"बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय," असं वडील म्हणाले की आई अंगणातली लाकडं आत आणायची आणि कोळी आपापल्या होड्या वर ओढायचे. नाव बावटा, पण झेंडा नसायचाच तो. दिवसा खांबावर शंकू नाहीतर नळकांड्याच्या आकाराच्या खुणा चढवत, रात्री तांबडे-पांढरे दिवे लावत. पुढे शिक्षिका झाल्यावर भूगोलाच्या तासाला मी मुलांना बिनदिक्कत सांगत आले, की आकडा जितका मोठा तितकं वादळ मोठं. निवृत्तीनंतर जरा वाचन केलं तेव्हा कळलं, की मी इतकी वर्षं अर्धं चुकीचंच शिकवत होते!

एकूण अकरा नंबर. त्यातले पाच, सहा आणि सात हे तिन्ही सारख्याच धोक्याचे. फरक एवढाच, की वादळ बंदराच्या एका बाजूने जाणार, दुसऱ्या बाजूने जाणार की थेट बंदरावरून. आठ, नऊ, दहाचंही तसंच, फक्त वादळ अतितीव्र. वारा कुठून फिरणार, हे जहाजाच्या कप्तानाला कळणं जिवनमरणाचं असतं. पण किनाऱ्यावर झोपडीत राहणाऱ्या बाईला त्याचं काय? तिला एवढंच कळायला हवं, की घर सोडायचं का, कधी, आणि जायचं कुठे. ही भाषा तिच्यासाठी केलेलीच नव्हती.

याचं मूळ कलकत्त्यात आहे. 5 ऑक्टोबर 1864 रोजी तिथे आलेल्या चक्रीवादळात हजारो माणसं बुडाली, बंदरातली जहाजं एकमेकांवर आदळून फुटली. दुसऱ्याच वर्षी, 1865 मध्ये, त्या बंदरासाठी वादळाचे इशारे सुरू झाले. आपलं हवामान खातं 1875 चं, म्हणजे त्यानंतरचं.

त्याही आधी एका माणसाने इशारा दिला होता. 'सायक्लोन' हा शब्द ज्याने रूढ केला तो कलकत्त्याचा हेन्री पिडिंग्टन. सुंदरबनाच्या तोंडाशी, मातला नदीवर नवं बंदर वसवायचं घाटत होतं. पिडिंग्टनने 1853 मध्ये गव्हर्नर जनरलला जाहीर पत्र लिहून बजावलं, की इथे समुद्र आत घुसेल. कोणी ऐकलं नाही. तो 1858 मध्ये वारला. कॅनिंग नावाचं ते बंदर उभं राहिलं आणि 1867 च्या वादळात त्याची दैना झाली. पुढे ते सोडूनच द्यावं लागलं.

पण 'ऐकलं नाही' हे उत्तर नेहमी पुरत नाही. 12 नोव्हेंबर 1970 ची रात्र घ्या. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, भोला बेटाच्या परिसरात, समुद्र घरांवरून गेला. तीन ते पाच लाख माणसं गेली असा अंदाज आहे. नंतर तिथे पाहणी झाली, तेव्हा आढळलं की नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना वादळ येतंय हे ठाऊक होतं. पक्क्या इमारतीचा आसरा घेतला होता तो जेमतेम एक टक्का लोकांनी! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले. बातमी पोहोचली होती; माणूस हलला नव्हता.

बांगलादेशने पुढे 1972 पासून गावोगाव स्वयंसेवक उभे केले. सायकल, भोंगा, हाताने फिरवायचा सायरन घेऊन गावातलाच मुलगा दारोदार जाणार. वाढत्या धोक्याला एक, दोन, तीन झेंडे. तरीही एप्रिल 1991 मध्ये सुमारे एक लाख अडतीस हजार माणसं मेली, कारण आसऱ्याच्या इमारती फार थोड्या होत्या. त्या वाढल्या. 2007 च्या 'सिद्र' वादळात मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला. तोही थोडा नाहीच म्हणा. आपल्या ओरिसातही 1999 मध्ये जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि 2013 मध्ये 'फायलिन' येण्याआधी सुमारे दहा लाख लोकांना हलवलं, तेव्हा मृत्यू काही डझनांवर थांबले.

आता घरची गोष्ट सांगते. 3 जून 2020. 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेला येणार म्हणून टीव्ही दोन दिवस ओरडत होता. आम्ही दोघं श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घरी. हे म्हणाले, "असे किती पावसाळे पाहिलेत!" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. शिवाय करोनाचे दिवस, सत्तरीच्या माणसांनी गर्दीत कशाला जायचं? पाच-सात-दहाचा सगळा इतिहास वाचलेली मी, पण स्वतः मात्र त्या नव्वद टक्क्यांतच बसले होते.

सकाळी माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा. वर्गात कधी तोंड न उघडणारा. म्हणाला, "बाई, उडालेला पत्रा मान कापतो. गोळ्या, चष्मे, रेशनकार्ड पिशवीत घाला आणि शाळेत चला. तुम्हाला वेगळी खोली ठेवली आहे. मी थांबतो." आणि खरंच उंबऱ्यात बसून राहिला. मग मात्र गेलो. दुपारी वाडीतला माड आमच्या माजघरावर पडला. रोज त्या वेळी हे तिथेच आडवे होतात.

वाऱ्याचा वेग टीव्हीने सांगितला होता. पण पिशवीत काय घालायचं, जायचं कुठे आणि सोबत कोण, हे त्या मुलाने सांगितलं.

नातीला मी इतकंच म्हटलं, "फोन वाजला की काय करायचं, ते फोन वाजायच्या आधी ठरवून ठेवायचं. आणि शेजारच्या काकूंना हाक मारल्याशिवाय निघायचं नाही."

हो, अकरा नंबर सांगायचा राहिलाच. अकरा म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला. आता बंदरावरच्या माणसाने स्वतःच्या अकलेने धोका ओळखायचा. मला वाटतं, शाळेत शिकवायचा नंबर हाच होता.