राक्षसाच्या गर्जनेमागील संगीत

चित्रपटाचें संगीत म्हटलें कीं महाराष्ट्रांतील रसिकांच्या मनांत प्रथम गाणीं उभीं राहतात. तबकडी फिरूं लागते, गायकाचा ओळखीचा आवाज येतो, आणि चित्रपट न पाहतांही त्यांतील गोडी घरबसल्या चाखतां येते. परंतु जपानांत ध्वनिमुद्रिकांचा असा एक प्रकार आहे कीं ज्यांत बहुधा गाणें नसतें. पडद्यावर नगरें कोसळत होतीं, रणगाडे धावत होते, आकाशांतून परग्रहावरील याने उतरत होतीं, त्या वेळीं पाठीमागें वाजलेलें वाद्यवृंदाचें संगीत तेवढें तीवर असतें. १९५४ ते १९७५ या काळांतील जपानी विज्ञानकल्पित चित्रपटांचें हें संगीत त्यानंतर पुन्हां पुन्हां प्रसिद्ध झालें, आणि जपानांतच नव्हे तर अमेरिका-युरोपांतही तें निष्ठेनें जमविणारे संग्राहक निर्माण झाले. वरवर पाहणारास हा छंद पोरकट वाटेल. रबरी पोषाख चढवून खोटीं घरें तुडविणाऱ्या राक्षसाच्या चित्रपटांत जपून ठेवण्याजोगें असें काय असावें, अशी शंका येईल. या ध्वनिमुद्रिकांचा इतिहास पाहिला म्हणजे त्या शंकेचें उत्तर मिळतें.

या इतिहासाचा आरंभ एका खऱ्या संकटापासून होतो. १ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें प्रशांत महासागरांतील बिकिनी येथें हायड्रोजन बाँबचा स्फोट घडवून आणला. त्या स्फोटाची किरणोत्सर्गी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवरील २३ जण आजारी पडले, आणि त्यांपैकीं बिनतारी संदेशयंत्र सांभाळणारा आइकिची कुबोयामा सप्टेंबर महिन्यांत मरण पावला. हिरोशिमा व नागासाकी येथील संहारास त्या वेळीं दहा वर्षेंही लोटलीं नव्हतीं. याच वर्षीं तोहो या चित्रसंस्थेचे निर्माते तोमोयुकी तानाका यांनीं एका नव्या चित्रपटाची जुळवाजुळव केली. दिग्दर्शन इशिरो होंडा यांच्याकडे आलें, व चमत्कारदृश्यांची जबाबदारी एइजी त्सुबुराया यांनीं उचलली. ३ नोव्हेंबर १९५४ रोजीं ‘गोजिरा’ जपानभर प्रदर्शित झाला. मराठी कानाला हें नांव भलतेंच लाडिक वाटतें; वस्तुतः ‘गोरिरा’ म्हणजे गोरिला व ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा या दोन शब्दांच्या मिश्रणांतून तें बनलें. जग पुढें त्याला ‘गॉडझिला’ म्हणून ओळखूं लागलें. हायड्रोजन बाँबच्या चांचणीनें जागा झालेला हा प्राचीन प्राणी तोकियो शहर जाळून टाकतो, आणि चित्रपटाचा आरंभच समुद्रांतील एका नौकेवर अकस्मात् पडलेल्या प्रखर उजेडानें होतो. त्या उजेडाचा अर्थ जपानी प्रेक्षकाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या चित्रपटाला संगीत देणारे आकिरा इफुकुबे यांचा जन्म १९१४ सालीं होक्काइदो या उत्तरेकडील बेटावर कुशिरो येथें झाला. बाळपणीं ओतोफुके या गांवीं असतां तेथील ऐनू या मूळच्या लोकांचें गाणें व नृत्य त्यांच्या कानांवर व डोळ्यांवर पडलें. एकच लहानशी स्वरावलि पुन्हां पुन्हां घोळवीत नेऊन तिचा जोर वाढवीत जाण्याची जी रीत त्यांच्या संगीतांत पुढें दिसते, तिचें बीज जाणते लोक या बालपणांत शोधतात. विद्यापीठांत त्यांनीं अभ्यास केला तो वनशास्त्राचा; संगीतरचना ते स्वतःच्याच प्रयत्नानें शिकले. १९३५ सालीं, वयाच्या २१ व्या वर्षीं, त्यांच्या वाद्यवृंदरचनेस पॅरिसमध्यें चेरेपनिन पारितोषिक मिळालें, आणि वनखात्यांत नोकरी करणारा हा तरुण एकाएकी प्रकाशांत आला.

युद्धकाळीं मात्र त्यांना लांकडाच्या गुणधर्मांवरील संशोधनास जुंपण्यांत आलें. या कामीं क्ष-किरणांचा वापर होई, परंतु त्यांपासून रक्षण करणारी साधनें नव्हतीं. युद्ध संपतांच इफुकुबे अंथरुणास खिळले. युद्धोपयोगी संशोधनांतच गुंतलेला त्यांचा भाऊ १९४२ सालीं आधींच वारला होता. न दिसणाऱ्या किरणांनीं माणसाचें काय होतें हें या संगीतकाराला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. ‘गोजिरा’ला संगीत देऊं नये, त्यानें नांवलौकिकास बाध येईल, असा सल्ला हितचिंतकांनीं दिला असतां त्यांनीं तो मानला नाहीं, याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं.

त्या राक्षसाची प्रसिद्ध गर्जनाही इफुकुबे यांच्याच कल्पनेंतून निघाली. डबल बास या प्रचंड तंतुवाद्याची तार सैल करून, राळ लावलेल्या चामड्याच्या हातमोज्यानें ती घासण्यांत आली, व मुद्रित झालेला तो आवाज मंद गतीनें फिरविण्यांत आला. आरंभीं पडदा काळा असतांनाच जड पावलांचे ठोके व ही गर्जना कानीं पडते, आणि मग तीनच उतरत्या स्वरांवर आघात करीत जाणारी ती सुप्रसिद्ध धून सुरू होते. ही धून त्या राक्षसाची आहे असें आज बहुतेकांना वाटतें. मूळ चित्रपटांत मात्र इफुकुबे यांनीं ती त्याच्याशीं झुंजणाऱ्या माणसांना दिली होती. राक्षसासाठीं खर्जांतील पितळी वाद्यांचें निराळें, जड पावलांचें संगीत होतें. लोकांच्या कानांनीं हळूहळू तिची मालकी बदलली, आणि १९७५ च्या चित्रपटांत खुद्द संगीतकारानेंच ती गोजिराच्या पदरांत घातली.

याहून मार्मिक कथा दुसऱ्या एका संचलनगीताची आहे. त्याच चित्रपटांत युद्धनौका निघतात त्या वेळीं जी उत्साहवर्धक लय वाजते, तिचा गाभा इफुकुबे यांनीं १९४३ सालीं जपानी नौदलाकरितां रचलेल्या ‘किशी माइ’ या रचनेंतून आला होता. साम्राज्य गेलें, तें नौदल बरखास्त झालें. पण ती लय उरली, आणि अकरा वर्षांनीं ती एका काल्पनिक शत्रूवर चालून गेली. पुढें १९६५ च्या चित्रपटांत तिचेंच रूप घेऊन आलेलें संचलन इतकें लोकप्रिय झालें कीं तिचा मूळ जन्म कोठें झाला याची बहुतेकांना कल्पनाही राहिली नाहीं. पराभूत राष्ट्रानें आपल्या आठवणींचें काय केलें, याचा हा एक कानांनीं वाचावयाचा पुरावाच आहे.

परंतु हें सारें चित्रपटगृहांत बसून उमगणें कठीण होतें. तेथें संगीतावर तोफांचा धडधडाट, लोकांच्या किंकाळ्या व राक्षसाची गर्जना यांचे थर चढलेले असत. परदेशांत तर याहून वाईट स्थिति झाली. १९५६ सालीं अमेरिकेंत ‘गोजिरा’ गेला तो कापून-जोडून, मध्यें एका अमेरिकन वार्ताहराचें पात्र घुसवून; ९६ मिनिटांचा चित्रपट ८० मिनिटांचा झाला. तरी त्यांतील संगीत बहुतांशीं टिकलें. १९६२ च्या ‘किंग काँग विरुद्ध गोजिरा’ या चित्रपटाच्या नशिबीं तेंही नव्हतें. अमेरिकन आवृत्तींत इफुकुबे यांचें संगीत जवळजवळ सगळें काढून त्या जागीं इतर चित्रपटांसाठीं आधींच तयार असलेलें संगीत चिकटविण्यांत आलें. त्या देशांतील एक संपूर्ण पिढी हा चित्रपट पाहत वाढली, पण त्याचें खरें संगीत तिनें ऐकलेंच नाहीं. त्यांतील कित्येकांना तें प्रथम भेटलें तें प्रौढपणीं, जपानांतून मागविलेल्या ध्वनिमुद्रिकेवर.

ही भेट घडविण्याचें श्रेय १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धांत जपानांत सुरू झालेल्या प्रकाशनांना आहे. लहानपणीं हे चित्रपट पाहिलेलीं मुलें तोंवर मोठीं झालीं होतीं, आणि आवडत्या दृश्यांमागील संगीत तेवढेंच सुटें ऐकावें अशी त्यांची मागणी होती. तोहोच्या संग्रहांतील मूळ फिती बाहेर निघाल्या. १९८० च्या दशकांत किंग रेकॉर्ड्स या कंपनीनें ‘स्टारचाइल्ड’ या नांवाखालीं असें संगीत पद्धतशीर प्रसिद्ध केलें. १९९० च्या दशकांत तोशिबा-ई.एम.आय.नें तें लहान चकचकीत तबकड्यांवर, म्हणजे सी.डी.वर आणलें, आणि अलीकडे अमेरिकेंतील वॅक्सवर्क रेकॉर्ड्सनें १९५४ ते १९७५ मधील गोजिराच्या पंधराही चित्रपटांचें संगीत पुन्हां मोठ्या काळ्या तबकड्यांच्या संचांत प्रसिद्ध केलें.

संग्राहकाची नजर या ध्वनिमुद्रिकांवर कशी फिरते तेंही पाहण्यासारखें आहे. चित्रपटासाठीं वाजविलेल्या प्रत्येक तुकड्याला ‘एम’ हें अक्षर व क्रमांक दिलेला असतो. तो क्रमांक मुद्रिकेच्या यादींत आहे कीं नाहीं, मध्यें एखादा गाळला आहे काय, चित्रपटांत न वापरलेला तुकडा सांपडला काय, हें तो प्रथम तपासतो. जपानी पाकिटाच्या कडेवर एक कागदी पट्टी गुंडाळलेली असते. किमोनोच्या कमरपट्ट्यावरून तिला ‘ओबी’ म्हणतात. ती हरवली तर मुद्रिकेची किंमत उतरते. आवाजाच्या बाबतींत तर मतभेद कायमचेच: एका पक्षाला जुन्या फितीची खरखर पुसून टाकलेली हवी असते, तर दुसऱ्याला ती खरखर म्हणजे काळाची सही वाटते. निरनिराळे संगीतकार शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे त्यांचे स्वभावही उघड होतात. अकिरा कुरोसावा यांच्या ‘योजिंबो’ला संगीत देणारे मासारू सातो यांनीं १९६६ व १९६७ सालीं गोजिराला हलकाफुलका, जाझची छटा असलेला साज चढविला. यूजी कोसेकी यांनीं १९६१ च्या ‘मोथुरा’साठीं केलेलें गीत जुळ्या बहिणींनीं गाइलें, गाणीं नसलेल्या या दुनियेंतील तें लोकप्रिय अपवाद ठरलें.

या छंदाला दुसरी बाजू नाहीं असें नव्हे. तेंच संगीत नव्या वेष्टनांत घालून कंपन्या पुन्हां विकतात, आणि एकच चित्रपट चार-पांच रूपांत कपाटांत ठेवणारा संग्राहक तें जाणूनही पुन्हां खिशांत हात घालतो. ऐकण्यापेक्षां मांडून ठेवण्याचा सोस वाढला म्हणजे वाचनालयाचें वस्तुसंग्रहालय होतें. पण या हौसेनें एक काम खचित केलें. १९८३ सालच्या ऑगस्टमध्यें तोकियोंतील हिबिया सभागृहांत इफुकुबे यांनीं याच चित्रपटसंगीतांतून गुंफलेल्या तीन वाद्यवृंदरचना तोकियो सिंफनी ऑर्केस्ट्रानें सादर केल्या. ज्या कामानें नांव बुडेल असें एके काळीं सांगण्यांत आलें होतें, तेंच काम मैफलीच्या व्यासपीठावर मानानें बसलें. १९९१ सालीं हा वृद्ध संगीतकार पुन्हां गोजिराच्या चित्रपटाकडे वळला. २००६ सालीं तो निवर्तला. परंतु २०१६ च्या ‘शिन गोजिरा’ या चित्रपटांत त्याचीं जुनीं ध्वनिमुद्रणेंच वापरण्यांत आलीं. फिती जपल्या नसत्या तर हें शक्य झालें नसतें.

पहिल्या ‘गोजिरा’च्या मुद्रिकेंत एक तुकडा असा आहे कीं ज्याकरितां सारा संग्रह सार्थकीं लागावा. चित्रपटांत डॉ. सेरिझावा नांवाच्या शास्त्रज्ञानें राक्षसाला मारूं शकेल असें भयंकर अस्त्र शोधलेलें असतें. परंतु तें एकदां जगाच्या हातीं पडलें कीं पुढें काय होईल या भीतीनें तो तें देण्यास तयार नसतो. तितक्यांत प्रक्षेपणावरून उद्ध्वस्त नगराचें दर्शन घडतें आणि शाळकरी मुलींचें एक समूहगान कानीं येतें. तें शांतीसाठीं केलेली प्रार्थना असतें. शास्त्रज्ञ तें ऐकतो, आपलीं सर्व टिपणें जाळतो, आणि अस्त्राबरोबर स्वतःलाही संपविण्याच्या निश्चयानें समुद्रांत उतरतो. मुद्रिकेवर या गीतामागें अवशेष दिसत नाहींत, राक्षस दिसत नाहीं; कोवळे आवाज तेवढे येतात व थांबतात. १९५४ सालीं जपानला काय वाटत होतें, हें जाणण्याकरितां इतिहासकाराला पुष्कळ कागदपत्रें चाळावीं लागतील. घरांतील एका कपाटांत जपून ठेवलेली ही तबकडी त्या कागदपत्रांतच गणली गेली पाहिजे.