एकमेव धक्का : एका न्यायकल्पनेचा पाठप्रवास

खाजगी मालकीची पायाभूत सुविधा इतरांना, प्रसंगी प्रतिस्पर्ध्यांनाही, वापरू द्यावी असे बंधन कायदा कोणत्या आधारावर घालतो, हा प्रश्न रेल्वे आणि वीज यांच्याही आधीचा आहे. त्याचे एक महत्त्वाचे मूळ बंदरातील धक्क्यापाशी सापडते. इंग्लंडचे सरन्यायाधीश सर मॅथ्यू हेल (निधन १६७६) यांनी ‘दे पोर्तिबुस मारिस’ या ग्रंथात असे प्रतिपादिले की, जेथे सर्वांना एकाच धक्क्यावर माल उतरवावा लागतो, तेथे मालकाला मनमानी आकार घेता येत नाही. लोकहिताचा स्पर्श झालेली मालमत्ता निव्वळ खाजगी उरत नाही. हा ग्रंथ छापला गेला तो थेट १७८७ मध्ये.

१८१० मध्ये लंडनच्या गोदी कंपनीविरुद्धच्या खटल्यात लॉर्ड एलनबरो यांनी हेलचा आधार घेतला. १८७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मन विरुद्ध इलिनॉय’ या खटल्यात तोच आधार शिकागोच्या धान्यकोठारांना लावला. येथवर वाद दराचा होता. १९१२ मध्ये तो प्रवेशाचा झाला. सेंट लुई येथे मिसिसिपी ओलांडण्याचे रेल्वेपूल व टर्मिनल काही रेल्वे कंपन्यांच्या एकाच संघटनेकडे एकवटले होते. न्यायालयाने संघटना मोडण्याऐवजी, इतर कंपन्यांना न्याय्य व वाजवी अटींवर मालकीत सहभाग आणि वापराची मुभा देण्याचा आदेश दिला.

या निकालपत्रात ‘अत्यावश्यक सुविधा’ हा सिद्धान्त नावानिशी कोठेही नाही. ते नाव उत्तरकालीन वाचकांनी दिले. २००४ मध्ये याच न्यायालयाने, असा सिद्धान्त आपण कधी मान्य केलेला नाही आणि तो स्वीकारण्याची वा नाकारण्याची गरजही नाही, असे नमूद केले. ज्या संहितेतून सिद्धान्त निघाल्याचे मानले जाते, तिच्या रचनाकारानेच त्यावरील हक्क न सांगावा, हे ग्रहणाच्या इतिहासात लक्षणीय आहे.

भारतात वीजक्षेत्रापुरती ही कल्पना निकालांच्या भाष्यपरंपरेतून नव्हे, तर विधिमंडळाच्या शब्दांतून आली. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४२ ने वितरणाच्या तारा टप्प्याटप्प्याने खुल्या करण्याची तरतूद केली आणि त्यासोबत अधिभारही ठेवला. कारण उघड होते. मोठे ग्राहक चढा दर देतात, म्हणून लहान ग्राहकांची वीज स्वस्त राहते. मोठे ग्राहक खुल्या वाटेने बाहेर पडले, तर भार मागे उरलेल्यांवर पडतो. हा अधिभार क्रमाने ‘कमी करून संपुष्टात आणावा’ अशा आशयाचे मूळ शब्द होते. २००७ च्या दुरुस्तीने त्यांतील ‘संपुष्टात आणणे’ वगळले.

हेलच्या धक्क्यावर मालक आणि व्यापारी असे दोनच पक्ष होते. सेंट लुईच्या पुलावर प्रतिस्पर्धी हा तिसरा आला. भारतीय संहितेत ‘तिसरा’ या पदाचाच अर्थविस्तार झाला : प्रवेश मागणाऱ्याइतकाच, त्या प्रवेशाची किंमत ज्याला मोजावी लागेल असा दारापर्यंत न पोहोचलेला ग्राहकही त्यात आला. वगळलेल्या त्या एका शब्दाचे मोल त्याच्यासाठी सर्वाधिक आहे.